माश्यांचा स्वयंपाक

मक्याचं पीठ, यीस्ट, अगर, गूळ.
सकाळी सातला, कुलाब्याच्या टोकाशी, तिसऱ्या मजल्यावर
अनसूयाबाई भोईर मोठ्या पातेल्यात घोटत असायच्या,
बुडाला लागू द्यायच्या नाहीत.
मी नवी होते. मला वाटलं, खीर.
"चाखू नका बाई," म्हणाल्या, "पाहुणे वेगळे आहेत."

पाहुणे म्हणजे फळमाश्या, तिळाएवढ्या.
एका रांगेला साधं जेवण, एकीला चौपट साखर.
विसाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
दोन चिमट्यांनी मी एकेकीचं पोट उसवायचे,
आतडं ओढायचे ओल्या दोऱ्यासारखं.
तुटलं की सकाळ फुकट.

सव्वीस वर्षं एवढंच केलं.
लग्नाकार्यात कुणी विचारलं तर सांगायचे,
मधुमेहावर काम करते.
"मग औषध कधी?" म्हणत ते जिलेबी वाढून घ्यायचे.

आतड्याच्या अस्तरात, अशी मधूनमधून,
एकेक मूळपेशी बसलेली असते
कार्यघरातल्या विधवा आत्येसारखी.
झिजेल ते, गळेल ते तिने भरून काढायचं.
ती दुभंगते. एक अर्धी तिथेच राहते,
दुसरी काहीतरी होते:
अन्न शोषणारी, किंवा शरीराला निरोप धाडणारी.
काय व्हायचं, हे तिला कोण सांगतं?
चौतिसाव्या वर्षी हा प्रश्न हातात घेतला,
साठीला थोडा बारीक करून खाली ठेवला.

साखर फार झाली की ती विसरते.
हे माझं वाक्य. एकच.
त्यातही एक "बहुधा" होतं,
परीक्षकांनी आणखी दोन घालायला लावले.

एका मार्चमध्ये बाटल्यांत माइट शिरले,
चाळीस वंश गेले, नावानिशी.
एकदा दूरच्या कुठल्याशा शहरातून
माझाच निष्कर्ष माझ्याआधी अकरा दिवस छापून आला.
त्यांची चित्रं आमच्याहून स्वच्छ होती.
त्या दुपारी मी चालत ससून डॉकला गेले,
कोळंबी सोलणाऱ्या बायकांजवळ उभी राहिले.
नखाचा एक झटका,
आणि पाठीतला काळा दोरा अख्खा बाहेर.
एकीला म्हटलं, परत दाखव ना.
तिने मला वेडी ठरवलं, आणि दाखवलं:
ओढायचं नाही, मनगट वळवायचं.
दुसऱ्या दिवसापासून माझी आतडी तुटेनाशी झाली.
"कार्यपद्धती"त हे कुठे लिहू?

मग अनसूयाबाईंच्या अंगठ्याची जखम भरेना.
साखर तीनशे चाळीस.
"चहा तर बिनसाखरेचा पिते," म्हणाल्या,
"वाफेतून शिरली असेल."
हसल्या. मी हसले नाही.
रोज सकाळी दोन हातांवर त्या उभ्या होत्या माझ्यापासून,
आणि मी काचेतून माश्या बघत होते.
आतड्याचं अस्तर पाच दिवसांत नवं होतं,
अंगठ्याचं तसं नसतं,
हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांच्या सुनेला
मी कशासाठी समजावत बसले, कोण जाणे.
ती म्हणाली, "मॅडम, डबा कुठे धुऊ?"

एकोणीस नावांच्या त्या शोधनिबंधात
त्यांचं नाव शेवटी, आभारात,
आणि तेही "अनुसया" छापलेलं.
त्यांनी ते कापून देवघरात लावलं.
चूक दाखवली, तर म्हणाल्या, "देवाला कळतं कुणाचं ते."

आज खोली रिकामी करायची आहे.
उणे ऐंशीचा फ्रीज तन्झीलाच्या नावावर झाला,
चिमटेही तिला दिले, टोकांना रबर लावून.
भिंतीवरचा कागद मात्र तिने काढू दिला नाही.
तेलकट, कडा तपकिरी, अक्षर अनसूयाबाईंचं:
पीठ सहा वाट्या. पाणी बघून.
गूळ बेताने.
मी आयुष्यभर त्याचे ग्रॅम करून छापले.

"बेताने म्हणजे किती?" तन्झीला विचारते.
मी पातेलं गॅसवर ठेवते.
आज दोन्ही रांगांना साधंच.
"ढवळ," म्हणते, "बुडाला लागेल."